संपूर्ण ग्रंथाचा शोध : ई-पुस्तकांच्या युगातील वाचनविवेक

ग्रंथ मिळवणे हा आपल्या समाजात दोन पिढ्यांपूर्वी कष्टाचा विषय होता. वसतिगृहाच्या कपाटातील एकच प्रत पाळीपाळीने वाचायची, आवडलेली पाने वहीत उतरवून घ्यायची, सुटीत गावी जाताना ती वही सोबत न्यायची, अशा रीतीने अनेकांचे वाचन घडले. आज निवासी शाळेतील विद्यार्थ्याला संगणक कक्षातील एखाद्या यंत्रावर किंवा शिक्षकांच्या भ्रमणध्वनीवर जगातील अभिजात ग्रंथ काही क्षणांत आणि बहुधा विनामूल्य मिळतात. ही मोठीच क्रांती आहे. मात्र तिच्याबरोबर एक नवा प्रश्नही आला आहे. पडद्यावर उघडलेला ग्रंथ लेखकाने लिहिला तसा, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आपल्यापुढे आहे काय?

छापील पुस्तक हातात घेतले की त्याची जाडी डोळ्यांना दिसते. सहाशे पानांचा ग्रंथ दीडशे पानांत आला, तर अडाण्यालाही शंका येते. ई-पुस्तकाला जाडी नसते. मुखपृष्ठ तेच, लेखकाचे नाव तेच आणि आतला मजकूर निम्माच, अशी फसगत तेथे सहज होते. तेव्हा संपूर्ण आवृत्ती ओळखावी कशी, ती शोधावी कोठे आणि तिचा आग्रह धरावा कशासाठी, या तीन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

संक्षेप : प्रामाणिक आणि छुपा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संक्षेप ही गोष्ट मुळातच वाईट नाही. पाचवीच्या मुलाला कुमारांसाठी केलेली छोटी आवृत्ती द्यावी, हे योग्यच आहे. निवडक उतारे, सारांश, रूपांतर, सुबोध आवृत्ती या सर्वांना वाचनाच्या शिडीवर आपापली पायरी आहे. वाचकावर अन्याय होतो तो कापलेला मजकूर कापला आहे असे न सांगता पुढे ठेवला जातो तेव्हा.

या बाबतीत पालि परंपरेने घालून दिलेला आदर्श ध्यानात घेण्याजोगा आहे. सुत्तांमध्ये तेच ते परिच्छेद पुनःपुन्हा येतात. कंठस्थ करण्याच्या काळात ही पुनरुक्ती उपकारक होती, परंतु ताडपत्रावर लिहिताना ती जागा खाऊ लागली. म्हणून लेखनिकांनी अशा ठिकाणी ‘पेय्याल’ या शब्दाचे ‘पे’ हे संक्षिप्त रूप घालण्याची रीत पाळली. येथे अमुक मजकूर पूर्वीप्रमाणे समजावा, असा त्याचा अर्थ. मजकूर गाळला, पण गाळल्याची खूण ठेवली आणि गाळलेला भाग कोठे सापडेल तेही वाचकाला कळेल अशी व्यवस्था केली. प्रामाणिक संक्षेप असा असतो. आज पालि ग्रंथाची ई-प्रत उघडल्यावर ओळींमध्ये ‘पे’ दिसले, तर प्रत अपूर्ण आहे असे समजू नये. ती परंपरेचीच खूण आहे.

उलट, जेथे अशी खूणच नाही आणि प्रकरणेच्या प्रकरणे नाहीशी झालेली आहेत, तेथे वाचकाचा विश्वासघात झालेला असतो.

एक स्वल्पविरामही न बदलण्याचा आग्रह

संपूर्णतेचा आग्रह हा केवळ ग्रंथपालांचा काटेकोरपणा नव्हे, हे बाबासाहेबांच्या ग्रंथांचा इतिहास पाहिला म्हणजे पटते. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी निमंत्रित केले. भाषणाचा मसुदा पाहिल्यावर मंडळाला त्यातील काही भाग वगळावा असे वाटू लागले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. अधिवेशन रद्द झाले आणि न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा जगप्रसिद्ध ग्रंथ तो हाच. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. म्हणजे या ग्रंथाचा जन्मच संक्षेपाला दिलेल्या नकारातून झालेला आहे.

आता याच ग्रंथाची ई-प्रत घेताना काय पाहावे? पहिल्या आवृत्तीत भाषणाबरोबर मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही आहे. भाषण का झाले नाही, हे त्यावरूनच कळते. १९३७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत महात्मा गांधींनी ‘हरिजन’मध्ये केलेली टीका आणि तिला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर परिशिष्ट म्हणून जोडले गेले. १९४४ साली ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली. ई-प्रतीत केवळ भाषण असेल, तर वाद-प्रतिवादाचा अर्धा भाग वाचकाच्या हाती लागतच नाही. भाषण पूर्ण असते, ग्रंथ मात्र अपुरा असतो. हा भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे.

दुसरे उदाहरण ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाचे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी स्वतः लिहिलेली प्रस्तावना मात्र त्या आवृत्तीत आली नाही. भगवान दास यांनी १९८० साली बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावनांचा जो संग्रह काढला, त्यात ती वाचकांपुढे आली. लहानपणी दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र आपल्याला कसे भेट दिले आणि त्या वाचनाने आपले मन कसे हलले, हे बाबासाहेबांनी या प्रस्तावनेतच सांगितले आहे. हा ग्रंथ, ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’ व ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ हे तिन्ही मिळून एक संच समजावा, असे त्यांचे मनोगतही तेथेच आहे. माईसाहेबांविषयीची कृतज्ञताही तेथेच व्यक्त झाली आहे. ही चार-सहा पाने नसलेली प्रत वाचणाऱ्याला ग्रंथ कळेल, पण तो ग्रंथ कोणत्या जीवनप्रवासातून आला ते कळणार नाही. आज ही प्रस्तावना कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ग्रंथाच्या पाठाबरोबर उपलब्ध आहे. ज्या विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथेच त्यांचा ग्रंथ जगातील कोणाही वाचकाला खुला असावा, ही समाधानाची गोष्ट आहे.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड १९८७ साली निघाला. त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ होता. त्यातील राम आणि कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट वगळावे, अशी मागणी झाली आणि मोठा वाद उसळला. ते परिशिष्ट राहिलेच पाहिजे यासाठी आंबेडकरी जनता मुंबईच्या रस्त्यांवर उतरली. अखेर त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप घालून परिशिष्ट कायम ठेवण्यात आले. एखाद्या ग्रंथाची काही पाने टिकावीत म्हणून लाखो माणसांनी, ज्यांतील अनेकांना अक्षरओळखही नसेल त्यांनी, मोर्चात चालावे, ही घटना संपूर्ण आवृत्ती म्हणजे काय हे कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्टपणे सांगते. त्या खंडाची ई-प्रत घेताना ते परिशिष्ट आणि ती टीप दोन्ही आहेत ना, हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’विषयीही हेच म्हणता येईल. १८७३ सालच्या या ग्रंथाला जोतीरावांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. ही अर्पणपत्रिका आणि ती प्रस्तावना नसेल, तर पुण्यातील एका माळ्याच्या मुलाने आपल्या लढ्याचा धागा अटलांटिकपलीकडच्या लढ्याशी कसा जोडला, हे वाचकाला दिसणारच नाही.

जगातील अभिजात ग्रंथांची कथा

हीच गोष्ट परदेशी ग्रंथांनाही लागू पडते. जोनाथन स्विफ्ट यांचा ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ हा ग्रंथ १७२६ साली निघाला. त्यात चार सफरी आहेत. मुलांसाठीच्या बहुतेक आवृत्त्यांत बुटक्यांच्या आणि राक्षसी देहाच्या माणसांच्या देशांतील पहिल्या दोनच सफरी असतात. शेवटच्या सफरीत घोडे विवेकी आहेत आणि माणसे पशुवत आहेत. माणसाच्या अहंकारावरचा सर्वांत तीव्र प्रहार तेथे आहे आणि नेमका तोच भाग गळतो. परिणामी एका कठोर उपरोधकाराची ओळख पिढ्यान्‌पिढ्या बालकथाकार म्हणून होत राहिली.

हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’ या कादंबरीची गंमत निराळी. १८५१ साली ती प्रथम लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा उपसंहार छापायचा राहून गेला. जहाज बुडाले, सर्व खलाशी गेले, मग ही कथा सांगणारा उरला कसा, असा आक्षेप तेथील समीक्षकांनी घेतला. उत्तर त्या गळलेल्या पानावर होते. पूर्ण ग्रंथात १३५ प्रकरणे आणि हा उपसंहार आहे. एक पान गळल्याने लेखक अपराधी ठरतो, हे यातून शिकावे.

फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून निसटलेले थोर अमेरिकन वक्ते. त्यांचे १८४५ सालचे आत्मकथन अकरा प्रकरणांचे आहे आणि शेवटी एक परिशिष्ट आहे. गुलाम बाळगणाऱ्यांचा धर्म आणि खरा धर्म यांत किती अंतर आहे, याचे विवेचन त्या परिशिष्टात येते. धर्माची चिकित्सा करणाऱ्या आपल्या परंपरेतील वाचकाला तर हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाता येऊ नये.

सर एडविन अर्नोल्ड यांचे ‘द लाइट ऑफ एशिया’ हे तथागतांच्या जीवनावरील १८७९ सालचे काव्य पाश्चात्त्य जगात बुद्धाचे नाव घरोघर नेणारे ठरले. या कवीने तरुणपणी पुण्यातील सरकारी महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, प्राचार्य म्हणून काम केले होते. या काव्याचे आठ सर्ग आहेत. आठवा सर्ग धम्मोपदेशाचा असल्याने कथेपुरते वाचणाऱ्या संपादकांना तो जड वाटणे शक्य आहे. प्रत घेताना आठही सर्ग मोजावेत.

संपूर्ण प्रती कोठे मिळतात

विनामूल्य आणि विश्वासार्ह ई-पुस्तकांचा सर्वांत जुना साठा म्हणजे प्रोजेक्ट गुटेनबर्ग. मायकेल हार्ट यांनी १९७१ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित करून त्याचा आरंभ केला. आज तेथे सत्तर हजारांहून अधिक पुस्तके आहेत. स्कॅन केलेल्या पानांशी ताडून मुद्रिते तपासण्याचे काम जगभरचे स्वयंसेवक करतात. कोणाला एका वेळी एक पान तपासता येईल अशी त्यांची पद्धत आहे. गुटेनबर्गचाच पाठ घेऊन तो अधिक नेटक्या स्वरूपात देणारा ‘स्टँडर्ड ईबुक्स’ हाही स्वयंसेवकांचाच उपक्रम आहे. वर सांगितलेली स्विफ्ट, मेलव्हिल, डग्लस व अर्नोल्ड यांची पुस्तके गुटेनबर्गवर मिळतात.

इंटरनेट आर्काइव्ह हे १९९६ साली स्थापन झालेले संग्रहालय निराळ्या स्वरूपाचे आहे. तेथे छापील ग्रंथाच्या पानांची छायाचित्रेच दिसतात. भारतातील ग्रंथालयांतून पूर्वी स्कॅन झालेले असंख्य मराठी, हिंदी आणि पालि ग्रंथही तेथे आहेत. मूळ पान डोळ्यांनी पाहता येते हा मोठा लाभ. मात्र स्कॅन करताना पाने सुटलेली, दुबार आलेली किंवा नोंदीत नाव चुकलेले, असे प्रकारही तेथे आढळतात. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती असतील, तर दोन-तीन उघडून ताडून पाहाव्यात.

विकिस्रोत या प्रकल्पात दोन्ही पद्धतींचा मेळ आहे. एका बाजूला छापील पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला टंकित मजकूर असतो. पान तपासलेले नाही, एकदा तपासले आहे की दुसऱ्या व्यक्तीनेही प्रमाणित केले आहे, हे लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांनी दाखवलेले असते. मराठी विकिस्रोतही आहे आणि तेथे काम करणाऱ्या हातांची गरज आहे.

मराठीसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची अनेक प्रकाशने खुली आहेत. मंडळाने प्रथम १९६९ साली प्रसिद्ध केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ हे जोतीरावांच्या वाचनासाठी आधारभूत मानावे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. येथे एक सावधगिरी बाळगावी. सतरावा खंड तीन भागांत आहे आणि मराठी भाषणांचा अठरावा खंडही तीन भागांत आहे. एक भाग उतरवून घेतला म्हणजे खंड मिळाला, असे होत नाही.

तिपिटकाच्या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे काम इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने केले आहे. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या सहाव्या संगीतीने प्रमाणित केलेला पालि तिपिटकाचा पाठ त्यांनी देवनागरीसह अनेक लिप्यांत संगणकावर उपलब्ध करून दिला. इंग्रजी अनुवादासाठी ‘सुत्तसेंट्रल’ या संकेतस्थळावर भिक्खू सुजातो यांनी केलेले चारही मुख्य निकायांचे संपूर्ण भाषांतर आहे. त्यावर त्यांनी कोणताही हक्क ठेवलेला नाही. ‘अ‍ॅक्सेस टू इनसाइट’ हे दुसरे प्रसिद्ध स्थळ हजारावर सुत्तांचे चांगले संकलन आहे. पण ती निवड आहे, संपूर्ण निकाय नाहीत. निवड आणि संपूर्ण यांतील हा भेद विद्यार्थ्यांना आरंभीच समजावून द्यावा.

पूर्णता कशी तपासावी

ई-पुस्तक उतरवून घेतल्यावर पाच मिनिटे तपासणीला द्यावीत. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही, मोजता येणे पुरेसे आहे.

पहिली गोष्ट शीर्षकपृष्ठाची. त्यावर ‘संक्षिप्त’, ‘सुबोध’, ‘रूपांतर’, ‘सारांश’, ‘कुमारांसाठी’, ‘कथारूप’ किंवा ‘संपादित’ असे शब्द आहेत काय ते पाहावे. इंग्रजी पुस्तकावर ‘अब्रिज्ड’, ‘अडॅप्टेड’, ‘रीटोल्ड’, ‘सिलेक्शन्स’ हे शब्द त्याच अर्थाचे आहेत. ‘अनअब्रिज्ड’ म्हणजे संपूर्ण. मात्र विक्रेत्याने मुखपृष्ठावर छापलेल्या ‘संपूर्ण’ या शब्दावर एकट्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट अनुक्रमणिकेची. ग्रंथाची मूळ रचना किती भागांची, किती प्रकरणांची आहे, हे विश्वकोशातून किंवा शिक्षकांकडून जाणून घ्यावे आणि ताडून पाहावे. धम्मपदात २६ वग्ग आणि ४२३ गाथा आहेत. आरंभ यमकवग्गाने, शेवट ब्राह्मणवग्गाने. दीघ निकायात ३४ सुत्ते आहेत, मज्झिम निकायात १५२. जातकांची संख्या ५४७. कॉवेल यांच्या संपादनाखाली झालेले जातकांचे इंग्रजी भाषांतर सहा खंडांचे आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथाचे ऱ्हिस डेव्हिड्स यांनी केलेले भाषांतर दोन खंडांत, १८९० आणि १८९४ साली निघाले. एक खंड वाचून राजा मिलिंदाचे सर्व प्रश्न वाचले असे समजू नये. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात चार प्रश्न उपस्थित करणारा परिचय, त्यानंतर आठ भाग आणि शेवटी उपसंहार अशी रचना आहे. या संख्या पाठ असाव्यात असे नाही, पण ग्रंथालयातील एका वहीत लिहून ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट आरंभ आणि अखेर यांची. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, तळटीपा, परिशिष्टे आणि सूची हे ग्रंथाचे अवयव सर्वांत आधी कापले जातात, कारण ते कापल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटचे पान उघडून वाक्य पूर्ण आहे ना, एवढे तरी पाहावेच.

चौथी गोष्ट अनुवादकाची. परभाषेतील ग्रंथ असेल आणि प्रतीवर अनुवादकाचे नाव व मूळ प्रकाशनाचे वर्ष नसेल, तर ती प्रत संशयास्पद समजावी. अनुवादकाचे नाव लपवणारा मजकूर कापतानाही संकोच करणार नाही. मोठ्या ऑनलाइन दुकानांत एकाच अभिजात ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचे अभिप्राय कधी कधी एकत्र दाखवले जातात. वाचकांनी गौरवलेली आवृत्ती एक आणि आपण घेतो ती दुसरीच, असे त्यामुळे घडते. विकत घेण्यापूर्वी नमुन्याची पाने मागवून अनुक्रमणिका पाहावी.

पाचवी गोष्ट फाइलच्या प्रकाराची. ई-पब या प्रकारात मजकूर पडद्याच्या आकारानुसार मांडला जातो, अक्षर मोठे करता येते आणि मोठ्या कादंबरीची फाइलही सहसा लहान असते. स्कॅन केलेली पीडीएफ मोठी असते, पण तीत मूळ पान जसेच्या तसे दिसते. यंत्राने चित्रावरून ओळखलेल्या मजकुरात, विशेषतः देवनागरीत, जोडाक्षरे आणि मात्रा हमखास बिघडतात. जुन्या फाँटात केलेल्या मराठी पीडीएफमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही. अशा वेळी शब्द ग्रंथात नाहीच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वाचनासाठी ई-पब आणि पडताळणीसाठी पीडीएफ, असे दोन्ही जवळ असणे उत्तम.

कायद्याची मर्यादा

विनामूल्य मिळते ते सर्व कायदेशीर असते असे नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी मुक्त होते. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. गोव्याच्या मातीतून आलेले थोर पालि पंडित धर्मानंद कोसंबी १९४७ साली निवर्तले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ‘भगवान बुद्ध’सारखे ग्रंथ २००८ पासून मुक्त आहेत. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ २०१७ पासून मुक्त आहेत. मात्र भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो. मूळ ग्रंथ मुक्त झाला म्हणून त्याचा अलीकडचा मराठी अनुवाद मुक्त होत नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्ग अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे चालते, त्यामुळे भारतात मुक्त असलेला एखादा ग्रंथ तेथे नसणे शक्य आहे. अदिन्नादानापासून विरत राहण्याचे शील आपण रोज ग्रहण करतो. ते ग्रंथांनाही लागू आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. हयात लेखकाचे पुस्तक विकत घ्यावे किंवा ग्रंथालयातून आणावे.

संस्थांनी काय करावे

निवासी शाळेत इंटरनेट अखंड असतेच असे नाही आणि प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र असावे असेही नाही. त्यावर उपाय आहे. तपासलेल्या संपूर्ण प्रती एकदा उतरवून घेऊन शाळेच्या संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर ठेवल्या, तर पुढे जोडणीची गरज उरत नाही. ‘किविक्स’ या विनामूल्य साधनाने गुटेनबर्गचा साठा आणि विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतात. प्रत्येक ग्रंथाची नोंद मात्र व्यवस्थित असावी : लेखक, अनुवादक, मूळ प्रकाशनाचे वर्ष, कोठून घेतला, भाग व प्रकरणे किती, कोणी तपासला आणि केव्हा. अशी पन्नास ग्रंथांची एक तपासलेली यादी हजारो अपुऱ्या फाइलींपेक्षा मोलाची ठरेल.

नववी-दहावीच्या मुलामुलींकडून हे तपासणीचे काम करवून घ्यावे. मराठी विकिस्रोतावर आठवड्याला दोन पाने जरी प्रत्येकाने मुद्रितशोधन करून दिली, तरी त्यातून तीन गोष्टी साधतात. शुद्धलेखन सुधारते, जुना ग्रंथ वाचून होतो आणि आपण ज्ञानाचे केवळ घेणारे नसून देणारेही आहोत, हा विश्वास बळावतो. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला स्पर्श करण्याची मनाई होती, त्यांच्या नातवंडांनी जगासाठी ग्रंथ शुद्ध करून ठेवावेत, याहून मोठी परतफेड कोणती असेल?

कोणाच्या तरी निवडीतून गाळून आलेले वाक्य वाचून मत बनवण्याची सवय आज सर्वत्र फोफावली आहे. बाबासाहेबांच्या नावावर न लिहिलेली वाक्ये फिरतात आणि लिहिलेली वाक्ये संदर्भातून तोडून वापरली जातात. त्याला उत्तर एकच आहे : मूळ ग्रंथ, संपूर्ण ग्रंथ, उघडून दाखवता येणे. केवळ ऐकले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून न स्वीकारता स्वतः पारखून घ्यावे, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पारखण्यासाठी प्रथम वस्तू पूर्ण हाती असावी लागते. आपल्या विद्यार्थ्यांनी वादात उतरताना पान क्रमांक सांगावा आणि आवृत्तीचे वर्षही सांगावे, एवढी शिस्त या शाळेने लावली, तर पुढच्या पिढीला फसवणे कोणालाही अवघड जाईल.